रॉकीचे नाशिककर

पहिल्या ‘रॉकी’त (१९७६) मुष्टियोद्धा नायक शेवटी हरतो. अपोलो क्रीड गुणांवर जिंकतो. हे नाशिकच्या कॉलेज रोडवर कुणाला सांगून पाहा. “काहीतरीच काय! धुतला होता त्याला,” असं ठणकावून उत्तर मिळेल. गरिबाचा पोरगा हरलेला आपल्याला चालत नाही, निदान तिकीट काढल्यावर तरी.

१९७९च्या दुसऱ्या भागात तो जिंकला, १९८५मध्ये रशियनालाही लोळवलं. पाचव्या भागाला ‘तेच तेच’ म्हणणारे २००६मध्ये पुन्हा डोळे पुसत होते. २०१५पासून ‘क्रीड’मध्ये अपोलोचा मुलगा रिंगणात आहे. ही घराणेशाही मात्र कुणाला खटकली नाही; तिचा सराव आपल्याला निवडणुकांमुळे आहेच.

सिनेमाचा परिणाम दुसऱ्या दिवशी दिसतो. रॉकीला धावत चढायला फिलाडेल्फियात ७२ पायऱ्या, आपल्याकडे पांडवलेणी. निम्म्या चढावर धाप, वर पोहोचल्यावर हात उंचावून फोटो, खाली उतरताच मिसळ, वर जादा तर्री. रॉकीसारखी पाच कच्ची अंडी गिळायचा भाग श्रावणामुळे पुढे ढकललेला असतो. हा श्रावण काहींचा बारमाही आहे.

खराखुरा रॉकी मात्र आपल्याच जिल्ह्यात आहे. चांदवड तालुक्यातल्या तळेगाव रोहीचा दत्तू भोकनळ विहिरी खोदायचा. लष्करात गेला, वल्हं हातात घेतलं, २०१६ला रिओ ऑलिंपिक, २०१८ला जकार्ता-पालेमबांगच्या आशियाई स्पर्धेत सांघिक सुवर्ण. हे ऐकून आमचा प्रेक्षक खरोखर हेलावला. म्हणाला, “पिक्चर कधी येतोय?”