मालाचा मालक आणि त्याचा अधिकृत प्रतिनिधी

कोल्हापूरविषयी परगावच्या माणसाच्या मनात मिसळ, चप्पल आणि कुस्ती यांपलीकडे फारसे काही असत नाही. परंतु ज्याला यंत्रविद्येची थोडीफार गोडी आहे तो जाणतो की, शिवाजी उद्यमनगरापासून शिरोलीपर्यंत पसरलेल्या येथल्या फौंड्र्यांत अहोरात्र लोखंडाचा रस वाहत असतो, आणि देशातल्या असंख्य मोटारींची, ट्रॅक्टरांची व पंपांची अंतरंगे याच नगरीत ओतली जातात. अशा नगरीतल्या एका प्रतिष्ठित वकिलाने ओतीव लोखंडाचा एक ठोकळा आणण्यासाठी देश ओलांडून कलकत्त्यास जावे, आणि जाताना माझ्यासारख्या निरुपद्रवी, नुकत्याच सेवानिवृत्त झालेल्या शेजाऱ्यास बरोबर न्यावे, ही गोष्ट उद्यमनगरात आजही अदबीने सांगितली जात नाही.

वकीलसाहेबांपाशी तीर्थरूपांकडून वारसाहक्काने आलेली एक अँबॅसडर आहे. मार्क टू, पेट्रोलची. दसऱ्याच्या दिवशी छत्रपतींची मेबॅक गाडी मिरवणुकीने दसरा चौकाकडे निघते, त्याच सुमारास आपलीही गाडी बाहेर काढावी, हा वकीलसाहेबांचा कुळाचार. मागे एका दसऱ्यास ही गाडी चौकाच्या अलीकडेच धूम्ररूपाने प्रकट झाली आणि ढकलत मेस्त्रींच्या दारात आणावी लागली. मेस्त्रींनी बॉनेट उघडले, बराच वेळ आत पाहिले आणि निकाल दिला :

"ब्लॉकला तडा गेलाय, सायेब. वेल्डिंग मारून काय हुतंय? आठ दिस चालंल, नवव्या दिशी घाटात बसशीला."

वकीलसाहेबांनी प्रथम स्वाभाविकपणे गावातच ब्लॉक ओतून घेण्याचा विचार केला. फौंड्रीवाल्याने त्यांना चहा पाजला, तीर्थरूपांची आठवण काढली आणि पाचशे नगांची ऑर्डर असल्यास पॅटर्न करायला आपली हरकत नाही, असे सांगितले. चारशे नव्व्याण्णव अँबॅसडरांचे मालक शोधून काढणे अव्यवहार्य ठरल्यामुळे दृष्टी पूर्वेकडे वळवणे भाग पडले. कारण ही गाडी जन्मली ती हुगळीकाठच्या उत्तरपाड्यास, तिथेच २०१४ साली तिचे उत्पादन थांबले, आणि तिचे अवशेष आजही विपुल प्रमाणात मिळतात ते कलकत्त्याच्या मल्लिक बाजारात. ही विपुलता काही अंशी न्यायसंस्थेची देणगी आहे. पंधरा वर्षांहून जुनी व्यावसायिक वाहने शहरातून काढून टाकावीत, असा आदेश कलकत्ता उच्च न्यायालयाने २००८ साली दिला, तेव्हा कितीतरी पिवळ्या टॅक्सींनी रस्ता सोडला. वकीलसाहेब त्या निकालाचा उल्लेख एरवी केवळ घटनापीठांच्या वाट्यास येणाऱ्या आदराने करतात.

मल्लिक बाजाराचे वर्णन करण्याचा मोह मी आवरतो, एवढेच सांगतो की त्या चौकालगतच्या जुन्या ख्रिस्ती दफनभूमीत मायकेल मधुसूदन दत्त चिरनिद्रा घेत आहेत, आणि त्यांच्या निद्रेस व्यत्यय आणणारा हातोड्यांचा नाद दिवसभर चालू असतो. टॅक्सींची इंजिने बहुतेक डिझेलची निघाली. पेट्रोलचे, १४८९ सीसीचे, अभंग ब्लॉकचे इंजिन एका अंधाऱ्या गाळ्यात सापडले, तेव्हा वकीलसाहेबांनी त्यावर साक्षीदाराची उलटतपासणी घ्यावी तसे प्रश्न विचारले आणि दुकानदाराने एकाचेही उत्तर न देता किंमत उतरवली. व्यवहार ठरल्यावर त्याने इंजिन चेनपुलीने उचलून एका झिजलेल्या टायरवर बसवले, टायरसकट दोरखंडाने करकचून बांधले आणि औदार्याने म्हटले, "टायर का पैसा नहीं लेगा, दादा." गिअरबॉक्स वेगळा केलेले ते इंजिन काट्यावर एकशे साठ किलो भरले. यापुढे आमच्या यात्रेला खरा प्रारंभ झाला. कारण वस्तू विकत घेणे हा पैशाचा प्रश्न आहे, ती घरी नेणे हा चारित्र्याचा.

पहिली चौकशी कुरिअरच्या कचेरीत झाली. तेथील तरुणाने इंजिनाची लांबी, रुंदी आणि उंची सेंटिमीटरांत मोजली, तिन्हींचा गुणाकार केला, त्यास पाच हजारांनी भागले आणि एकशे वीस किलो असे आकारमानाचे वजन काढले. वकीलसाहेबांचा चेहरा उजळला. चाळीस किलोंची ही अनपेक्षित सूट त्यांनी तात्काळ स्वीकारली आणि पावती करण्यास सांगितले. त्यावर त्या तरुणाने नम्रपणे खुलासा केला की, प्रत्यक्ष वजन आणि आकारमानाचे वजन या दोहोंपैकी जे अधिक असेल त्यावर आकारणी होते.

"म्हणजे आम्ही कापूस आणला असता, तर तुम्ही जागेचे पैसे घेतले असते?"

"होय."

"आणि लोखंड आणले, म्हणून वजनाचे?"

"होय."

"असा एकतर्फी करार माझ्या अशिलाला मी मरेपर्यंत करू दिला नसता," असे म्हणून वकीलसाहेब उठले. आकारणीचा आकडा ऐकून मीही उठलो. त्या रकमेत इंजिनाला विमानातली खिडकीजवळची जागा मिळावयास हवी होती.

रेल्वेचे पार्सल कार्यालय मात्र मला मनापासून आवडले. दरपत्रक वजन आणि अंतर यांच्या आधारे नीट छापलेले, कारकून वृद्ध आणि मृदुभाषी, आणि नियम असे की त्यांतल्या एकाही नियमाला नाव ठेवता येऊ नये : इंजिनातले तेल शेवटच्या थेंबापर्यंत काढावे, पेट्रोलचा अंशही राहू नये, पाठवणाराचे व घेणाराचे नाव आणि दोन्ही स्थानके रंगाने ठळक लिहावीत, रवानगीचा अर्ज भरावा आणि माल रेल्वेच्या जोखमीवर पाठवावयाचा की मालकाच्या, ते नमूद करावे. मालकाच्या जोखमीचा दर कमी. या एका पर्यायावर वकीलसाहेबांनी त्या गरीब गृहस्थांशी जो वाद घातला त्याचा सारांश असा, की माल रेल्वेच्या डब्यात, डबा रेल्वेच्या गाडीत, गाडी रेल्वेच्या रुळांवर आणि मालक कोल्हापुरात निजलेला असताना जोखीम त्याची कशी? बाबूंनी हे सर्व शांतपणे ऐकून घेतले आणि पुढचा प्रश्न विचारला : माल कोणत्या स्थानकास?

येथे घोडे अडले. हावड्याहून कोल्हापूरला थेट गाडी नाही. आझाद हिंद एक्सप्रेसने पुण्यापर्यंत नेऊन तेथे माल दुसऱ्या गाडीत चढवावा लागणार. तो कधी चढेल हे सांगणे त्या गाडीतल्या जागेवर अवलंबून. आणि आपल्या स्थानकास उतरल्यावर ठरावीक मुदतीत न उचलल्यास दर तासाला वारफेज नावाचे भाडे चढू लागणार. वकीलसाहेबांनी नकाशा मागवला आणि त्यांच्या मुद्रेवर वकिली कौशल्याचे तेज पसरले : कोल्हापूर ते गोंदिया धावणारी महाराष्ट्र एक्सप्रेस! एकाच राज्यात तेराशे किलोमीटरांहून अधिक धावणारी ती गाडी, आणि गोंदिया तर हावड्याहून मुंबईच्या वाटेवरच. तेव्हा गोंदियास माल उतरवून स्वराज्याच्या गाडीत चढवावा. बाबूंनी ही योजना ऐकून टोपण लावलेली लेखणी खिशात ठेवली. माझे प्रामाणिक मत विचाराल तर, ज्याच्या गावाला थेट गाडी आहे त्याने रेल्वे सोडून दुसरीकडे पाहू नये. परंतु कोल्हापूरकराला हा उपदेश निरुपयोगी आहे.

वाहतूक कंपन्यांत आम्ही अर्धा दिवस घालवला. तेथे किलोचा दर इतका अल्प सांगतात की ऐकणारा सद्गदित व्हावा, आणि मग बिल्टी करताना बिल्टीखर्च, दोन्हीकडची हमाली, क्रॉसिंग, गोदामभाडे आणि किमान आकार अशी परिशिष्टे एकामागून एक जोडली जातात. शिवाय डिलिव्हरी गोदामातच, आणि ते गोदाम पुण्यापलीकडे.

शेवटी मार्ग दाखवला तो कांद्याने. बडा बाजारालगतच्या पोस्ता भागात कांदा-बटाट्याची मोठी घाऊक पेठ आहे, आणि तेथे नाशिक जिल्ह्याच्या पासिंगचे ट्रक उभे पाहताच वकीलसाहेबांना परमुलखात भगवा झेंडा दिसल्याचा आनंद झाला. निफाड तालुक्यातला एक ड्रायव्हर ट्रकच्या सावलीत जेवत बसला होता. त्याने आमची कैफियत ऐकली आणि हसून सांगितले, "कांदा आणताना काटा वाकतो साहेब, जाताना भाडंच गावत नाही. आता जुनं बारदान भरलंय. गाडी टपापर्यंत भरली, पण वजन म्हणाल तर काहीच नाही. तुमचं लोखंड तेवढं बुडाला टाकू."

वाहतुकीच्या अर्थशास्त्राचे इतके सुबोध विवेचन मी अन्यत्र वाचलेले नाही. कुरिअरवाला जागा आणि वजन यांतले जे जास्त त्याचे पैसे घेतो, कारण त्याला दोन्हींची भीती. पण ज्याची जागा भरली आहे आणि वजन मोकळे आहे, अशा गाडीला लहान आकाराची जड वस्तू जवळजवळ फुकट नेता येते. अवजड वस्तूच्या मालकाने स्वस्त गाडी शोधत हिंडण्याऐवजी हलका माल शोधावा. ताडपत्री सोडली, फाळका पाडला, आणि चार हमालांनी इंजिन टायरसकट सैल गठड्यांच्या मधोमध रोवले. भाडे जे ठरले ते सांगितल्यास त्या ड्रायव्हरच्या मालकाला वाईट वाटेल.

प्रश्न राहिला आमचा. मालट्रकमधून प्रवास करणे बेकायदेशीर, असे मी भीत भीत सुचवताच वकीलसाहेबांनी मला मोटार वाहन कायदा, १९८८, कलम १४७ ऐकवले. मालाबरोबर वाहनातून जाणारा मालाचा मालक किंवा त्याचा अधिकृत प्रतिनिधी यांना विम्याचे संरक्षण आहे, अशी दुरुस्ती त्या कलमात १९९४ साली झाली. "मी मालक आणि तुम्ही प्रतिनिधी." परंतु मालक स्वतः हजर असताना प्रतिनिधी कशाला, या माझ्या शंकेवर त्यांनी कागद काढून, मालकास निद्रा लागली असता मालाची देखरेख करण्यासाठी, असे प्रयोजन घालून मला रीतसर अधिकारपत्र लिहून दिले. इंजिनाची किंमत पन्नास हजारांच्या पुष्कळ आत असल्यामुळे ई-वे बिलाचे कारण नव्हते, याचे त्यांना थोडे वाईटच वाटले. तेही कलम त्यांनी वाचून ठेवले होते.

खरगपूर, बहारागोडा करीत आम्ही ओडिशात शिरलो. केओंझरच्या परिसरात लोहखनिजाचे ट्रक इतके, की रस्ता, झाडे, गुरे आणि पोलीस सगळे एकाच तांबड्या रंगाचे. आमच्या इंजिनाला मात्र माहेर पाहण्याची उत्सुकता दिसली नाही. धाब्यांवरच्या जेवणाविषयी मी काही तक्रार करीत नाही, पण वकीलसाहेबांनी कांदा-लसूण चटणीची बाटली काढली आणि संबळपूरपर्यंत ती ड्रायव्हर व किन्नर यांच्या स्वाधीन झाली. पुढच्या प्रवासात त्या दोघांनी आम्हाला जो मान दिला त्याचे मूळ कलम १४७ मध्ये नसून त्या बाटलीत होते. रायपूर मागे पडले. मालकाला निद्रा लागली. अधिकारपत्राप्रमाणे देखरेख मी केली, म्हणजे उभ्या छत्तीसगडात जागा राहून त्यांचे घोरणे ऐकले.

महाराष्ट्राच्या हद्दीत शिरल्यावर एका नाक्यावर गाडी थांबवण्यात आली. हवालदारांनी केबिनमध्ये विजेरी टाकली.

"हे कोन होय जी?"

"मालाचा मालक," वकीलसाहेब म्हणाले.

"अन् हे?"

"अधिकृत प्रतिनिधी."

हवालदारांनी अधिकारपत्र मागून घेतले आणि दिव्याखाली नेऊन पहिल्या अक्षरापासून सहीपर्यंत वाचले. परत आले तेव्हा त्यांच्या स्वरात बदल झाला होता. "तुमी वकील होय काजी? मंग उतरा न जरा, चहा घ्या." त्यांच्या साळ्याच्या वाटणीचा दावा दिवाणी न्यायालयात रखडला होता. पहाट होईपर्यंत त्या दाव्याची कागदपत्रे टेबलावर पसरली होती, वकीलसाहेब बिनफीचा सल्ला देत होते, ड्रायव्हर स्टिअरिंगवर डोके टेकून झोपला होता, आणि मी बारदानात पुरलेल्या लोखंडाची देखरेख करीत होतो. नागपूर, अमरावती, अकोला, जळगाव, धुळे ही शहरे मी झोपेत पाहिली. तेव्हा त्यांविषयी लिहिण्याचा मला अधिकार नाही.

कलकत्ता ते निफाड हे सुमारे अठराशे किलोमीटर असे पार पडले. नाशिकहून रात्रीच्या ट्रॅव्हल्स बसच्या डिकीत, एक मोटारसायकल आणि द्राक्षांच्या काही पेट्या यांच्या शेजारी, इंजिन कोल्हापूरच्या तावडे हॉटेलपाशी उतरले. या टप्प्याचे भाडे ट्रकच्या भाड्याला भिडले. तेथून छोटा हत्ती करून ते उद्यमनगरात आणले. मेस्त्रींचा बोळ अरुंद, टेम्पो आत जाईना. शेवटच्या पन्नास पावलांसाठी हमालांनी जी रक्कम सांगितली, ती ऐकून वकीलसाहेबांनी तेथल्या तेथे दर किलोमीटरचा हिशेब मांडला आणि या दराने कलकत्त्याहून माल आणला असता तर उत्तरपाड्याचा कारखाना विकत घेणे स्वस्त पडले असते, असे त्यांना पटवून दिले. हमालांना ते पटले. रक्कम तीच राहिली. तोवर मेस्त्रींनी इंजिनावरचा चिखल बोटाने पुसून नंबर वाचला होता आणि टायर आपल्याकडेच ठेवून घेतला होता.

गाडी सध्या उत्तम चालते, आणि त्यामुळे वकीलसाहेबांकडे येणाऱ्या अशिलांचे स्वरूप पालटले आहे. कुणाला काँटेसाचे बॉनेट हवे असते, कुणाला मागचा आस, कुणाला डिझेल अँबॅसडरचा क्रँक. वकीलसाहेब कोणालाही नाही म्हणत नाहीत. समोर वर्तमानपत्र पसरून ते प्रथम लासलगावचे बाजारभाव वाचतात, त्यानंतर बांगलादेशच्या सीमेवरची बातमी असल्यास ती पाहतात, आणि कांद्याची निर्यात बंद असली तर चष्मा काढून समोरच्या गृहस्थास सांगतात, "सध्या कांद्यावर निर्यातबंदी आहे. तिकडे गाड्या जात नाहीत, म्हणजे परतही येत नाहीत. बंदी उठली की बॉनेटचे बघू."