काळी भिंत

दिवाणखान्याची एक भिंत काळी करायची, असं मी ठरवलं तेव्हा डोक्यात कला नव्हती, पाहुणे होते. सुरतेच्या उधन्यातल्या आमच्या सोसायटीत सगळ्या भिंती एकतर मलई नाहीतर पिस्ता. चांदनी पडव्याच्या सणातल्या घारी मिठाईचा डबाच उघडल्यासारखं. त्यात आपण उठून दिसायला हवं. "हिरा काळ्या मखमलीवरच खुलतो," असा सुरती दाखला मी घरात दिला. हिरा कोण, ते सांगितलं नाही. बायकोने विचारलंही नाही.

शेड कार्डावर रंग किती प्रकाश परत फेकतो याचा आकडा होता. संपूर्ण पांढऱ्याचा 100, संपूर्ण काळ्याचा 0. माझ्या शेडचा 4. रंगारी म्हणाला, "काका, चार हात लागतील, आणि लांबीत एक खड्डा राहिला तरी दारातून दिसेल." मला तर शेडचा चारचा आकडासुद्धा जास्त वाटत होता.

कारण मी शिल्पकार अनिश कपूरबद्दल वाचलं होतं. 2014 मध्ये एका ब्रिटिश कंपनीने व्हँटाब्लॅक नावाचा लेप काढला. पडलेल्या प्रकाशापैकी 99.965 टक्के गिळणारा. चुरगळलेल्या फॉइलवर तो चढवला तर चुण्याच दिसत नाहीत, नुसतं भोक दिसतं. आपल्या मुंबईत जन्मलेल्या या कपूरसाहेबांनी 2016 मध्ये कलेसाठी तो वापरण्याचा हक्क एकट्याकडे घेतला. काळ्या रंगाचा सातबारा म्हणा ना! त्यावर स्टुअर्ट सेम्पल नावाचा चित्रकार इतका चिडला की त्याने एक झगझगीत गुलाबी रंग विकायला काढला, जगात कुणालाही, फक्त कपूर सोडून. हे मी रंगाऱ्याला समजावलं, मग दुधवाल्याला, मग लिफ्टमध्ये अडकलेल्या एका कुरियरवाल्याला. बायकोचं म्हणणं, त्या गुलाबीवाल्याचा नंबर मिळव.

भिंत झाली. भर दुपारी दिवा लागू लागला. स्विचभोवती पाचही बोटांचे ठसे, पोलिसांना हवेत तसे. आणि डास! काळ्यावर डास बसतो आवडीने आणि दिसत अजिबात नाही; पांढऱ्या भिंतीचा हा उपयोग कुणी सांगितलाच नव्हता. शेजारचे हिऱ्याचे दलाल येऊन बराच वेळ बघत राहिले. म्हणाले, "काका, मखमल गिऱ्हाइकासाठी. माल पारखायला आम्ही पांढरा कागद घेतो."

दिवाळीला ताप्ती लाइनच्या गाडीने अमळनेरहून आई आली. चप्पल काढली, भिंतीपाशी गेली, एक बोट फिरवलं आणि ते खिडकीशी नेऊन निरखून पाहिलं.

"घरमा चूल पेटाडी का रे?"

मी हसलो. ती हसली नाही. गावी चुलीमागची भिंत धुराने काळी व्हायची. दर दिवाळीआधी आई पदर नाकाला बांधून ती खरवडायची, चुना मारायची. मी खाली बादली धरून उभा. संक्रांतीपर्यंत भिंत परत काळी. तिचा खोकला मात्र वर्षभर पुरायचा. तेच काळं मी डब्यात भरून, जीएसटीसकट, विकत आणलं होतं.

चार दिवस ती भिंतीकडे पाठ करून बसली. जाताना म्हणाली, "तुला आवडतं तर राहू दे."

काळ्यावर पांढरा चढवायला आधी प्रायमर आणि वर तीन हात लागतात. रंगाऱ्याने देवदिवाळीनंतरची तारीख दिली आहे.