संक्षेपराव

थोर ग्रंथकारांना लिहिता येते पण थांबता येत नाही, अशी ज्याची पक्की खात्री झालेली आहे, असा एक तरी सद्गृहस्थ प्रत्येक गावात असतोच. आणि हिरण्यकेशीकाठच्या आमच्या संकेश्वरात या वर्गाचे जे प्रतिनिधी मामलेदार कचेरीतून अव्वल कारकून म्हणून निवृत्त होऊन आले, त्यांना आम्ही संक्षेपराव म्हणतो. चाळीस पानी कैफियतीचा चार ओळींत गोषवारा काढून वरिष्ठांपुढे ठेवण्यात ज्यांची सारी हयात गेली, नेमक्या त्यांच्याच हाती 'पण लक्षात कोण घेतो!' ही कादंबरी पडावी, हा हरिभाऊ आपट्यांचा दैवदुर्विलासच म्हणावयाचा.

संक्षेपराव कादंबरी वाचीत नाहीत, तपासतात. कानावरची तांबडी पेन्सिल उतरवून ते नायिका यमूच्या बालपणावर 'पुनरुक्ती' असा शेरा मारतात, सासरच्या बायकांच्या बोलण्यापुढे 'मुद्द्यास धरून नाही' असे लिहितात, आणि एखादे प्रकरण सबंधच नापसंत पडले तर त्यावर तिरपी रेघ ओढून, खाली 'सबब दप्तरदाखल' असा हुकूम फर्मावून, लफ्फेदार सही ठोकतात.

"मजकूर तो काय? लग्न, वैधव्य, केशवपन. दोन बंदांत आटपतं!"

हरिभाऊंनी १८९० साली 'करमणूक' हे साप्ताहिक काढले, त्यातून ही कथा हप्त्याहप्त्याने प्रसिद्ध झाली, आणि पुढच्या अंकाची वाट पाहणाऱ्या वाचकाला यमू ही शेजारच्या घरची मुलगीच होऊन बसली असली पाहिजे, असे मी एकदा नम्रपणे निवेदन केले. "म्हणजे अंक भरायचा म्हणून पाल्हाळ!" संक्षेपरावांनी माझाच पुरावा माझ्याविरुद्ध दाखल करून घेतला. संकेश्वरी मिरची लांब असते म्हणून कोणी ती निम्मी मोडून बाजारात आणीत नाही, हा माझा शेवटचा दाखलाही, "तिला झणका असतो, म्हणून लांबी खपते," एवढ्या एका वाक्यात खारीज झाला.

गेल्या श्रावणात मात्र एक चमत्कारिक प्रकार घडला. मंजूर पानांत कागदाचे कपटे घालून संक्षेपरावांनी ती प्रत आपल्या नातीच्या हाती दिली, आणि पोरीने तासाभरात केशवपनापर्यंत मजल मारून पुस्तक शांतपणे मिटले.

"वाईट झालं, आजोबा. पण ही यमू होती तरी कोण?"

"कोण म्हणजे? अगं, ती..." म्हणून संक्षेपराव जे सुरू झाले ते दिवेलागणीपासून ताटे वाढून निवेपर्यंत थांबले नाहीत. यमूचा दादा, तिची आई, मैत्रीण दुर्गी, मुंबईच्या बिऱ्हाडी पती रघुनाथरावांच्या सहवासात तिला लाभलेले ते चार सुखाचे दिवस, हे सारे पुस्तकाला हातही न लावता ते सांगत होते. आणि रघुनाथरावांच्या मृत्यूपाशी पोचल्यावर त्यांनी उगाच चष्मा पुसावयास घेतला.

कादंबरी वाजवीपेक्षा लांब आहे की नाही, या वादाचा निवाडा करण्याचा अधिकार माझ्याकडे नाही. नात निजल्यावर मी ती प्रत कंदिलापाशी नेऊन चाळून पाहिली, एवढेच नमूद करतो. आजोबांना त्या रात्री तोंडपाठ निघालेले बहुतेक प्रसंग तांबड्या रेघेखालचे होते.