बाग पाहावी बाहेरून

महापालिकेच्या सगळ्या खात्यांत सर्वांत कमी शिव्या खाणारं खातं कोणतं, तर उद्यान विभाग. नळाला पाणी आलं नाही की पाणीपुरवठ्याचा उद्धार होतो, पाय मुरगळला की पथ विभागाचा, घंटागाडी चुकली की घनकचऱ्याचा. बाग बंद दिसली तर मात्र माणूस फाटकावरची पाटी वाचतो, ‘बरं’ म्हणतो आणि घरी जातो. इतकं समजूतदार गिऱ्हाईक दुसऱ्या कुठल्याही खात्याच्या नशिबी नाही. आणि हा समजूतदारपणा आपोआप उगवलेला नाही. विभागाने तो वर्षानुवर्षं खतपाणी घालून वाढवलेला आहे. बागेत दुसरं काही वाढो न वाढो.

बागा म्हणजे चैन, असं म्हणणाऱ्यांनी जरा राज्यघटना उघडावी. 1992 च्या 74 व्या घटनादुरुस्तीने बारावी अनुसूची आली आणि पालिकांकडे सोपवायचे 18 विषय तिथे मांडले गेले. त्यातला बारावा विषय उद्यानं, बागा आणि क्रीडांगणं. तेरावा सांस्कृतिक, शैक्षणिक आणि सौंदर्यविषयक गोष्टींना उत्तेजन. चौदावा स्मशानं आणि विद्युतदाहिन्या. ज्येष्ठ नागरिकाचा दिनक्रम इतक्या नेटक्या क्रमाने कुठल्याही डॉक्टरने लिहून दिला नसेल. सकाळी बागेत फेऱ्या, संध्याकाळी व्याख्यानमाला, आणि मग. पंधरावा विषय गुरांच्या कोंडवाड्यांचा आहे, त्याच्याकडे येऊच.

आता जागेचं रडगाणं. केंद्राच्या नगररचनेच्या मार्गदर्शक तत्त्वांत माणशी दहा-बारा चौरस मीटर मोकळी जागा असावी असं म्हटलंय. मुंबईत ती जेमतेम सव्वा चौरस मीटर आहे, असं किती वर्षं छापून येतंय. लोक हळहळतात. यात हळहळण्यासारखं काय आहे? सव्वा चौरस मीटरमध्ये ताडासन होतं, वृक्षासन होतं, शेजाऱ्याची हरकत नसेल तर मांडी आवरून पद्मासनही जमतं. शवासनाला तेवढी जागा पुरत नाही, पण त्याची सोय चौदाव्या विषयात केलेली आहेच.

शिवाय जे थोडं मोकळं उरतं, तिथे विभाग ओपन जिम बसवतो. पिवळी-निळी यंत्रं, शक्यतो सावली नसलेल्या कोपऱ्यात. लोखंड दुपारभर तापतं आणि संध्याकाळी व्यायामाआधीच घाम येतो, म्हणजे निम्मं काम झालेलं असतं. आमच्या बागेत छाती रुंद करायचं जे यंत्र आहे, त्याच्या एका दांड्यावर रखवालदाराचा गणवेशाचा शर्ट वाळत असतो आणि दुसऱ्यावर त्याचा डबा लटकलेला असतो. पाय झुलवायच्या यंत्राचं बेअरिंग गेलंय. झुलवलं की दोन गल्ल्या पलीकडची कुत्री भुंकतात. तरी एक आजी नेमाने त्यावर चढतात, दोन्ही हातांनी दांडी घट्ट धरतात आणि न हलता दहा मिनिटं उभ्या राहतात. “काय व्हायचं ते होऊ दे, पण फुकटचं सोडू नये,” असं त्यांनी सुनेला सांगितलेलं मी ऐकलं आहे.

पण विभागाचं खरं कर्तृत्व बघायचं असेल तर दुपारी एकला जावं. एप्रिलमधल्या दुपारी.

फाटकावर पाटी असते: सकाळी 6 ते 10, सायंकाळी 4 ते 8. आत चिंचेचं, वडाचं एखादं जुनं झाड सावली पाडून उभं असतं. ती पडून वाया जात असते. बाहेर फुटपाथवर पाठीवर खाण्याच्या पार्सलची पेटी घेतलेला पोरगा दुचाकी लावून उभा. परवा असाच एक जण गजांतून आत डोकावत म्हणत होता, “मामा, दहा मिनिटं टेकू द्या ना सावलीला.”

“चारला उघडतं.”

“चारला ऊनच उतरतं मामा. मग सावली घेऊन काय करू?”

“ते साहेबांना विचार.”

एवढं बोलून मामा वडाखाली गेले, चपला उशाला घेतल्या आणि आडवे झाले. त्यांना बोल लावण्यात अर्थ नाही. मामा ठेकेदाराचे, ठेकेदार निविदेचा, निविदा साहेबांची आणि साहेबांची बदली झालेली. ज्याला सावली हवी त्याच्यासाठी ती बंद आणि ज्याला घरी पंखा आहे त्याच्यासाठी ती सकाळ-संध्याकाळ उघडी, हे नियोजन सहज जमण्यासारखं नाही. त्याला अभ्यास लागतो.

दुपारी बाग बंद का, असं एकदा विभागातल्या एका गृहस्थांना विचारलं. त्यांनी अतिशय प्रामाणिकपणे सांगितलं, “उघडी ठेवली की लोक येतात हो.” येतात आणि झोपतात. येतात आणि डबे खातात. कॉलेजातली पोरं-पोरी येतात आणि, म्हणजे नुसती येतात, तेवढंही पुरतं. यावर विभागाने उपाय केलेत. मेंदी आणि घाणेरीची झुडपं गुडघ्याएवढी छाटून ठेवायची, म्हणजे मागे कुणी बसलं तर पुढून दिसतं. बाकाच्या मधोमध लोखंडी दांडा ठोकायचा, म्हणजे कुणाला आडवं होता येत नाही आणि दोघांत संविधानिक अंतर राहतं. आणि नवी झाडं लावायची ती बॉटल पामची. बॉटल पाम हे उद्यान विभागाचं कुलदैवत आहे. ते ठेंगणं, गुटगुटीत, फोटोत देखणं असतं, पानं गळून कचरा होत नाही, पक्षी घरटं करत नाही आणि सावली म्हणाल तर खाली एक चप्पलसुद्धा गार राहत नाही. ज्या झाडाखाली कुणी बसणार नाही ते झाड सर्वांत शिस्तशीर.

नियमांचा फलक तर प्रत्येक बागेत असतोच, आणि बऱ्याच बागांत तीच सर्वांत ताजीतवानी गोष्ट असते, कारण तो दरवर्षी रंगवला जातो. हिरवळीवर चालू नये. फुलं तोडू नयेत. चेंडू खेळू नये. सायकल आणू नये. खाद्यपदार्थ आणू नयेत. पाळीव प्राणी आणू नयेत. मोठ्याने बोलू नये. असभ्य वर्तन करू नये, आणि सभ्य वर्तन कोणतं ते वरच्या ओळींत सांगून झालेलंच आहे. आमच्याकडे एका मुलाने फलक मोठ्याने वाचून आईला विचारलं, “मग इथे करायचं काय?” आई म्हणाली, “फलक वाचायचा.” मघाशी कोंडवाड्याचा विषय अर्धवट सोडला होता, तो इथे पुरा झाला असं समजावं.

हिरवळीचं म्हणाल तर पुण्यात सिंहगड रस्त्यावरची पु. ल. देशपांडे यांच्या नावाची बाग पाहावी. दहा एकर, जपानमधल्या ओकायामा शहराशी असलेल्या मैत्रीची खूण, तिथल्या कोराकुएन बागेवर बेतलेली. मूळ बाग सतराव्या शतकाच्या अखेरीस तिथल्या सरदाराने स्वतःच्या विरंगुळ्यासाठी करवली आणि 1884 मध्ये ती लोकांच्या ताब्यात आली. बाग सुंदर आहे, यात थट्टा नाही. पाणी, दगड, वळणं, सगळं नजरेला निववणारं. फक्त हिरवळीवर पाय पडला की शिट्टी वाजते. ज्या माणसाच्या नावाने बाग आहे त्याने या शिट्टीवर काय लिहिलं असतं, हा विचार मनात येतो आणि आपण मुकाट्याने पायवाटेवर येतो.

पूर्वी असं नव्हतं, असं म्हणायची मराठी सदरलेखकाला वाईट खोड असते. तरी एक उदाहरण दिल्यावाचून राहवत नाही. पेशवे पार्कातली फुलराणी ही मुलांची आगगाडी 1956 ची. पुणे महापालिकेची स्थापना 1950 ची. म्हणजे ही गाडी आणली तेव्हा महापालिका अवघी सहा वर्षांची होती आणि त्या वयात आगगाडीच सुचते. आता महापालिकेची पंच्याहत्तरी उलटली, त्यामुळे जॉगिंग ट्रॅक सुचतात. वयोमानानुसार होतं. गुडघे मात्र नागरिकांचे जातात, कारण ट्रॅकवर सिमेंटचे पेव्हर ब्लॉक बसवलेले असतात आणि दर पावसाळ्यानंतर त्यातला तिसरा-चौथा ब्लॉक डोकं वर काढतो. त्याला अडथळ्यांची शर्यत म्हटलं तर क्रीडा विभागाच्या खात्यावर दाखवता येईल.

आता कार्यक्रमांबद्दल. उद्यान विभागाचा वार्षिक कार्यक्रम 5 जूनला सुरू होतो आणि तो आवडत नाही असा मंत्री अजून जन्माला यायचाय. खड्डा आदल्या दिवशी खणून ठेवलेला, माती चाळून, फावड्याला फीत बांधून. पाहुण्यांच्या मागे छत्री धरणारा, छत्रीवाल्याच्या मागे हात धुवायला पाण्याचा तांब्या घेतलेला. रोपाला पाणी मिळतं ते त्या तांब्यातलं उरलेलं. राज्याने 2016 मध्ये दोन कोटी, 2017 मध्ये चार, 2018 मध्ये तेरा आणि 2019 मध्ये 33 कोटी झाडांचं लक्ष्य ठेवलं होतं. 33 कोटी हा आकडा आपल्याकडे आधीपासून देवांसाठी राखून ठेवलेला होता. आता तो दोघांत विभागला गेलाय आणि मोजायला बसायचं नाही हा रिवाज दोन्हीकडे पाळला जातो.

हास्यक्लब हा मात्र अस्सल बागेतला उद्योग. 1995 च्या मार्चमध्ये मुंबईत अंधेरीच्या एका बागेत डॉ. मदन कटारिया यांनी पाच जणांना घेऊन तो सुरू केला आणि तो जगभर गेला. सुरुवातीला म्हणे विनोद सांगून हसत. काही दिवसांत विनोद संपले, तेव्हा कारणाशिवाय हसायचं ठरलं. सार्वजनिक बागेत बसून विनोद संपले, याचं मला अजून नवल वाटतं. मान वर करून भोवती बघितलं असतं तरी वर्षभराची बेगमी झाली असती.

फुलांच्या प्रदर्शनावर मी लिहिणार नाही. ते चांगलं असतं, गुलाब मोठाले असतात आणि आठवडाभर का होईना, पालिकेच्या आवारात लोक हौसेने रांग लावतात. तिथल्या कुंड्यांवर ‘हात लावू नये’ लिहिलेलं असतं, पण ते चालायचंच.

राणीच्या बागेबद्दल मात्र दोन शब्द. 2016 मध्ये तिथे सोलहून आठ हम्बोल्ट पेंग्विन आणले. हे मूळचे पेरू-चिलीच्या किनाऱ्यावरचे, त्यांना भायखळ्याची हवा मानवायची नाही म्हणून वातानुकूलित घर दिलं. पुढच्या वर्षी प्रौढांचं तिकीट पाच रुपयांवरून पन्नास झालं, चौकोनी कुटुंबाला शंभर. बरीच ओरड झाली. मला ते रास्त वाटतं. मुंबईत एसीत उभं राहून कुणाकडे तरी टक लावून पाहायला पन्नास रुपयांत दुसरीकडे कुठे मिळतं? एका पेंग्विनमागे किती जागा आली, हा हिशेब मुंबईकराने करू नये. सव्वा चौरस मीटर आठवून उगाच वाईट वाटेल.

राहता राहिली बाकं. बाक हा आपल्याकडे बसण्याआधी वाचायचा प्रकार आहे. पाठीला टेकायच्या फळीवर नगरसेवकाचं नाव, त्याखाली ‘यांच्या विकासनिधीतून’, त्याखाली प्रभाग क्रमांक, आणि हौशी असतील तर फोटोची टाइलही. पैसा आपल्याच करातला, तरी बसताना दुसऱ्याच्या ओट्यावर टेकल्यासारखं वाटतं. आचारसंहिता लागली की या नावांवर कागद चिकटवले जातात आणि महिनाभर बाक कुणाचंच नसतं. तेवढ्या दिवसांत त्यावर बसायला फार मोकळं वाटतं.

मार्च 2022 पासून मुंबई-पुण्यासारख्या महापालिकांत नगरसेवकच उरले नाहीत, कारभार प्रशासकांकडे गेला. 2026 च्या जानेवारीत निवडणुका होईपर्यंत ही स्थिती होती. या काळात बाकांवरची नावं आपोआप इतिहासजमा झाली आणि नवी बाकं फारशी आली नाहीत, कारण प्रशासकाला स्वतःचं नाव कुठे घालायचं हे कळत नसावं. आता नवे सदस्य आले आहेत आणि आमच्या बागेत लगेच हालचाल सुरू झाली. जुन्या सदस्याच्या नावाची चारही बाकं ‘मोडकळीस आल्यामुळे’ टेम्पोत घालून नेली. ती तशी धडधाकट होती, चौघं चौघं बसायचे. नव्या बाकांचा प्रस्ताव म्हणे गेलेला आहे.

तोवर मंडळी संगीत कारंज्याच्या कठड्यावर बसतात. हे कारंजं लोकार्पणाच्या संध्याकाळी नाचलं, त्या दिवशीच्या पाहुण्यांनी टाळ्या वाजवल्या आणि दुसऱ्या दिवसापासून पंप दुरुस्तीला गेला. तो अजून यायचाय. पण कठडा रुंद आहे, गुळगुळीत ग्रॅनाइटचा आहे, त्यावर अद्याप कुणाचं नाव नाही आणि पाणीच नसल्यामुळे धोतर-साड्या भिजत नाहीत. बसायला संपूर्ण बागेत याहून चांगली जागा विभागाने केलेली नाही. म्हणून पंपाची तक्रार करायची नाही, असं आमच्या सकाळच्या मंडळींनी एकमताने ठरवलं आहे.