तुकडेजोड

जमिनीचे तुकडे पडू नयेत आणि पडलेले पुन्हा एकत्र यावेत, या सद्धेतूने मुंबई सरकारने 1947 साली जो कायदा केला, त्याची अंमलबजावणी महसूल खात्याच्या हातून कितपत झाली हे तलाठीच जाणोत. परंतु त्याच खात्यातून अव्वल कारकून म्हणून निवृत्त झालेल्या गृहस्थांच्या सहधर्मचारिणीने, म्हणजे प्रत्येक आळीत निदान एक तरी आढळणाऱ्या लोकरवाल्या काकूंनी, तो लोकरीच्या प्रांतात तंतोतंत अमलात आणलेला असतो.

काकूंच्या पलंगाखालची पत्र्याची ट्रंक हा त्यांचा दप्तरखाना. कसरीची स्वारी येऊ नये म्हणून डांबरगोळ्यांचा उग्र पहारा बसवलेल्या त्या ट्रंकेत घरातल्या यच्चयावत स्वेटरांची, मोज्यांची आणि कानटोप्यांची शिल्लक जमा असते, आणि वीतभर धागाही बेवारस ठरत नाही. कोणाचा स्वेटर कोपरावर विरलेला दिसला, की तो मालकाच्या अंगावरून उतरेपर्यंतच काय ती मुदत. मग तो उसवला जातो, आणि त्या लोकरीच्या अंगी मुरलेल्या वळ्या, तिची लडी करून, धुऊन, वजन टांगून वाळवली की नाहीशा होऊन पूर्वीच्या मालकाचा तिच्यावरील हक्क कायमचा संपुष्टात येतो.

त्यानंतर क्रोशाची सुई चालू लागते. साखळ्यांचे इवलेसे कडे, त्यात तीन-तीन खांबांचे झुपके, कोपऱ्यांवर दोन-दोन. प्रत्येक फेरा मागच्याहून लांब, म्हणून अत्यल्प शिल्लक गाभ्यात आणि भरघोस शिल्लक कडेला, अशी ही न्याय्य वाटणी. अशा चौकोनाची कृती 1885 साली ‘प्रेअरी फार्मर’ या अमेरिकन शेतकी पत्रात छापून आली होती, असे कोणी सांगितल्यास काकूंना यत्किंचितही नवल वाटत नाही. “मोजणी आली, बांध आले, शेतकीच ही!” एवढेच त्या म्हणतात.

सिद्ध झालेल्या वस्तूस काकू पांघरूण म्हणतात. वस्तुतः तो कुटुंबाचा सातबारा उतारा असतो. चहाला आलेल्या पाहुण्यास तो आद्योपान्त ऐकावा लागतो: हा मोरपंखी चौकोन जावईबापूंचा, हा खाकी, 1962 साली जवानांसाठी घरोघर स्वेटर विणले गेले तेव्हाचा, हा गुलाबी धाकटीच्या बाळाचा, ज्या बाळास आता वकिलीची सनद मिळाली आहे. ‘इतर हक्कां’च्या रकान्यात, जावईबापूंनी दिवाळसणाचा स्वेटर एकदाही अंगात घातला नाही, ही तक्रार बोजा म्हणून चढवलेली असते, आणि ती कोणत्याही फेरफाराने उतरत नाही.

अडचण येते ती बांधांची. चौकोन जोडण्यास काळी लोकर लागते, ती ट्रंकेत कधीही पुरेशी निघत नाही. म्हणून नवी आणावी लागते, आणि पांघरूण संपते तेव्हा काळ्या लोकरीची शिल्लक उरते. ती जिरवण्यासाठी उशांचे अभ्रे, अभ्र्यांसाठी आणखी रंग, आणि त्या रंगांची आणखी शिल्लक. मूळ कायद्याचा हेतू येणेप्रमाणे विफल होत असल्याची हरकत निवृत्त अव्वल कारकून एके दिवशी, चष्मा पुसत, रीतसर नोंदवतात.

“तुमच्या खात्याने तीस वर्षांत किती बांध मोडले?” काकू विचारतात. “धरा ही लडी.”

हरकत त्याच क्षणी निकाली निघते, आणि अव्वल कारकून दोन्ही हात पुढे करतात.