बीटराव

सिल्वासात लाल पेयाची बाटली हातात घेऊन हिंडणं धोक्याचं. शेजारी गुजरातेत दारूबंदी, आपल्याकडे नाही. तेव्हा शनिवारी वापीकडून येणाऱ्या गाड्या कशासाठी येतात हे इथल्या शेंबड्या पोरालाही ठाऊक. पण आमच्या सोसायटीतले बीटराव अशी बाटली काखोटीला मारून राजरोस फिरतात. वॉचमनने एकदा डोळा मिचकावून "साब, सुबह-सुबह?" विचारलं आणि बिचाऱ्याला उभ्याउभ्या नायट्रेटवर व्याख्यान ऐकावं लागलं. हिंदीत. भाजीवालीला तेच गुजरातीत, आम्हाला मराठीत.

व्याख्यान चुकीचं नसतं, ही खरी पंचाईत. बीटातल्या नायट्रेटचं नायट्राइट करतात जिभेवरचे जंतू, त्याचं पुढे शरीरात नायट्रिक ऑक्साइड होतं, रक्तवाहिन्या सैलावतात, आणि तेवढ्याच मेहनतीला ऑक्सिजन कमी लागतो. इंग्लंडातल्या एक्झेटर विद्यापीठात अँड्र्यू जोन्स आणि मंडळींनी 8 जणांना 6 दिवस रोज अर्धा लिटर बीटाचा रस पाजला. जोरात सायकल मारताना ते सुमारे 16 टक्के जास्त वेळ टिकले. हे 2009 साली छापून आलं. बीटरावांना ते परवा कळलं, पण आवेश असा की रस गाळायला तेच बसले होते.

पुढे कोणीतरी त्यांच्या कानावर घातलं की मुरलेल्या धावपटूंना याचा फायदा फारसा होत नाही, कच्च्यांना जास्त. बीटराव खूश! "म्हणजे माझ्यासारख्याचाच शोध म्हणा की!"

माउथवॉशने जिभेवरचे जंतू मरतात आणि रस फुकट जातो, हेही खरंच. त्यांनी माउथवॉशची बाटली बेसिनमध्ये ओतली. इथवर ठीक. दुसऱ्या दिवशी घरातल्या सगळ्या जिभल्या गायब झाल्या. संशोधन माउथवॉशपुरतं होतं; जिभलीपर्यंत ते यांनीच नेलं.

वहिनी सुज्ञ. "अहो, नायट्रेटच हवंय ना? मग पालक खा, मुळा खा. त्यातही भरपूर असतं." पण मुळ्याच्या भाजीवर व्याख्यान देता येत नाही. शिवाय मुळा खाल्ल्याची वार्ता वेगळ्या मार्गाने पसरते. बीटाची वार्ता फक्त संडासात कळते. पहिल्या दिवशी तो लाल रंग बघून हे थेट डॉक्टरांकडे धावले होते. माझ्या पाहण्यातली त्यांची ती एकमेव धाव.

कारण खरी मेख वेळेची आहे. रस प्यायल्यावर रक्तात नायट्राइट चढायला दोन-तीन तास लागतात. बीटरावांचा बेत साडेपाचला दमणगंगेच्या काठाने धावायचा. म्हणून ते तीनला गजर लावतात. तीनला मिक्सर घरघरतो, खालच्या मजल्यावरचं तान्हं बाळ रडतं, कुत्री भुंकतात, बीटराव उभ्याने ग्लास रिकामा करतात, मिशीची लाल कड पुसतात आणि "अजून अडीच तास आहेत" म्हणून जरा आडवे होतात. साडेपाचला नायट्राइट ऐन भरात असतं. बीटरावही घोरण्याच्या ऐन भरात असतात. स्वतः ते पॉलिस्टर धाग्याच्या कारखान्यात डिस्पॅच सांभाळतात. माल वेळेवर पोचला आणि उतरवून घ्यायला कोणी नाही, असं तिथे झालं तर चार माणसांची हजेरी घेतील.

"फरक पडतोय का?" मी परवा विचारलं.

"जबरदस्त! आठला उठतो तेव्हा इतकं फ्रेश वाटतं!"

तेव्हा पहाटे दमणगंगेच्या पुलावर कोणी लाल मिशीचा गृहस्थ तुम्हाला मागे टाकून पळत गेला, तर तो दुसराच कोणी समजा.