डोळे मिचकाव, मग पाकीट

अंगणवाडीतून पोषण आहार घरी न्यायचा तर बाईला हल्ली मोबाईलसमोर डोळे मिचकावावे लागतात. चेहरा जुळला तर पाकीट, नाही तर पुन्हा मिचकाव. 1 जुलै 2025 पासून केंद्र सरकारने हे सक्तीचं केलं. घास खऱ्या लाभार्थ्याच्याच तोंडी पडावा, हा हेतू. चांगलाच आहे. फक्त कर्नाटकातल्या जोयडा तालुक्यातल्या जंगलात चेहऱ्याआधी रेंज जुळावी लागते, आणि तिच्यापुढे कितीही डोळे मिचकावले तरी ती लाजून पळते.

देखरेख अशी वर्षागणिक कडक होते. बालकामागे रोजचा दर मात्र आठ रुपये, 2017 पासून तोच. दर्जा राखायचा तो त्या आठात.

बरं, अंगणवाडी मिळायची तरी कशी? डोंगराळ भागात पूर्ण केंद्राला 300 लोकसंख्या हवी, मिनी केंद्राला 150. सर्वोच्च न्यायालयाने 2006 मध्ये आणखी एक वाट दिली: वस्तीत सहा वर्षांखालची 40 मुलं असतील तर मागणी करा, तीन महिन्यांत केंद्र. जोयड्यात एखाद्या कुणबी वाडीवर घरंच आठ-दहा. 40 मुलं जमवायची तर आधी वाडीभर लग्नं लावत सुटावं लागेल. मग लांबच्या केंद्रावर जायला रस्ता हवा; आणि वाडी व्याघ्र प्रकल्पात असली, तर रस्त्याच्या अर्जालाही वनखात्याची पायरी चढावी लागते.

कर्नाटक सरकारने 2017 मध्ये मातृपूर्णा योजना आणली. गरोदर बाईने रोज अंगणवाडीत येऊन गरम भात, सांबार, अंडं खावं, असा तेव्हाचा बेत. कागदावर सुरेख. सातव्या महिन्यातल्या बाईने ओढा ओलांडून, रान तुडवून जेवायला जायचं, जेवून तसंच परत यायचं. घरी पोचेपर्यंत पुन्हा भूक!

हे सगळं राबवणारी अंगणवाडी ताई सरकारच्या लेखी मानसेवी. केंद्र सरकारचं मानधन 2018 पासून साडेचार हजार, वर राज्याची भर. ग्रॅच्युइटीचा हक्क मिळायला 2022 मध्ये सर्वोच्च न्यायालयाचा निकाल लागला. मुलांची वजनं करायची, नोंदी ठेवायच्या, ॲप भरायचं. उरल्या वेळात मुलं सांभाळायची.

अंगणवाडीची सुरुवात मात्र वेगळी होती. 1945 मध्ये बोर्डीत शिक्षणतज्ज्ञ ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी बालवाडी सुरू केली. आदिवासी मुलं येईनात, तेव्हा त्यांनी बालवाडीच मुलांच्या अंगणात नेली. आज असं केलं असतं तर तपासणी अहवालात शेरा पडला असता: केंद्र नोंदणीकृत जागी आढळले नाही, खुलासा सात दिवसांत सादर करावा.